बिल्डिंगला बाहेरून एसीपी की पत्रा? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक तरी फोटो येतोच. खाली एकच ओळ, "दादा असं करायचंय, स्केअरफुटचा रेट सांगा." फोटो असतो दुबईतल्या टॉवरचा आणि भिंत असते डोंबिवलीतली, तीस वर्षं जुनी, पश्चिमेला तोंड करून. रेट सांगणं सोपंय हो, पण त्याआधी जे बोलायचं असतं त्यात फोनवर अर्धा तास जातो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी परत तेच विचारतो. म्हणून ठाणे, नवी मुंबई आणि खाली रत्नागिरीपर्यंत क्लॅडिंगची, म्हणजे भिंतीवर बाहेरून एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनल) किंवा पत्रा चढवायची, कामं करताना लोकांनी जे जे विचारलं ते एकदाचं लिहून काढलंय. क्रमाला काही अर्थ नाही, जसं आठवलं तसं.

क्लॅडिंग म्हणजे नुसता शो ना?

काही ठिकाणी हो, नुसता शोच. दुकानाच्या बोर्डाभोवती जे चकाचक लावतात त्याला दुसरं काही काम नसतं. पण मूळ कल्पना जुनी आहे. माझ्या आजोळी मे संपत आला की पश्चिमेच्या पडवीला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायचे, मातीची भिंत आणि झाप यांच्यात हातभर जागा सोडलेली असायची, झड यायची ती झापावर आपटायची, थोडं पाणी आत यायचं पण ते झापाच्या मागून मागूनच खाली निथळायचं, भिंतीपर्यंत पोचायचंच नाही. पावसाळा सरला की झापं सोडायची, भिंत कोरडी ठणठणीत. आज रेनस्क्रीन सिस्टीम म्हणून गुळगुळीत ब्रोशरमध्ये जे विकतात ते हेच, झापाच्या जागी धातू आला एवढंच. ही मधली पोकळी डोक्यात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. वरून एसीपी मारला की विषय संपला ना?

नाही. विषय झाकला जातो, संपत नाही.

ठाण्यातल्या एका सोसायटीने मला तिसऱ्या पावसाळ्यात बोलावलं, काम दुसऱ्याच कुणाचं होतं. बाहेरून बिल्डिंग एकदम नवी कोरी, आणि आत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बेडरूममधलं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलेलं, मागे काळी बुरशी. झुला बांधला आणि त्यांच्या खिडकीच्या बाजूचा एक पॅनल उघडला. आत प्लास्टरची जुनी भेग जशीच्या तशी, करंगळी जाईल एवढी, तिच्यातून पिंपळाचं मूळ निघून उजेड शोधत जॉइंटकडे चाललेलं. खाली कबुतरांनी काड्यांचा ढीग करून ठेवलेला. फ्रेमचा एमएस (साध्या लोखंडाचा) बॉक्स पाइप समोरून लाल, म्हणजे गंजरोधक रेड ऑक्साइड मारलेला, आणि भिंतीकडच्या बाजूने काहीच नाही, तिकडे कोण बघतंय. किल्लीने टोचून बघितलं, किल्ली आरपार गेली. पण खरी चूक तळाला होती. सगळ्यात खालचा जॉइंट सिलिकॉनने छान बंद केलेला. वर पॅरापेटपाशी (गच्चीच्या कठड्याशी) कॅप नीट नव्हती म्हणून पाणी वरून आत शिरायचं आणि बाहेर पडायला वाटच नाही, ते चार महिने भिंतीला पाजत बसायचं.

तर आधी काय करायचं, भिंतीवर हातोडीने ठोकत जायचं, जिथे पोकळ आवाज येतो तिथलं प्लास्टर काढायचं, भेगा भरायच्या, टॉयलेटचे पाइप आणि खिडक्यांचे छज्जे तपासायचे, वॉटरप्रूफिंगचा कोट मारायचा आणि जमलं तर एक पावसाळा जाऊ द्यायचा. ओल बाथरूममधून येत असेल तर बाहेरून सोन्याचा पत्रा लावलात तरी ती येणारच. बऱ्याच सोसायट्यांना एवढं केल्यावर क्लॅडिंगची गरजच राहत नाही. हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, पण आहे हे असं आहे.

धातूत पर्याय काय काय असतात?

सगळ्यात जास्त दिसतो तो एसीपी, म्हणजे दोन बाजूंना अॅल्युमिनियमची पातळ कातडी आणि मध्ये प्लास्टिक किंवा खनिज भरलेला कोअर. सपाट दिसतो, हलका, घडी घालता येते, रंग भरपूर. त्याच्यावरची पायरी सॉलिड अॅल्युमिनियम शीट, दोन ते तीन मिलिमीटरची, मध्ये जळण्यासारखं काही नाही, पण महाग, आणि ठोकर लागली की पोचा पडतो तो पडतोच.

मग पत्रा. लोक पत्रा म्हटलं की नाक मुरडतात, डोळ्यासमोर गोठा येतो. पण पेंट केलेला जस्ताचा (म्हणजे स्टीलवर जस्ताचा लेप दिलेला) किंवा गॅल्व्हाल्युमचा पत्रा, नीट प्रोफाइलचा, नीट फ्लॅशिंग केलेला (कडा आणि सांधे पट्ट्यांनी झाकलेला), हे बऱ्याच इमारतींसाठी सगळ्यात शहाणं उत्तर असतं, स्वस्त असतं आणि पोकळी त्याच्या नागमोडीतच आयती मिळते. गॅल्व्हाल्युम म्हणजे स्टीलवर ५५ टक्के अॅल्युमिनियम, साधारण ४३ टक्के जस्त आणि दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन असा लेप, साध्या जस्ताच्या लेपापेक्षा हा मोकळ्या हवेत जास्त टिकतो.

तांबं, जस्ताचे टायटॅनियम मिसळलेले पत्रे, स्टेनलेस हेही आहे. पॅरिसची राखाडी छपरं दिसतात ना सिनेमात, ती जस्ताची. आपल्याकडे बंगल्याला कुणी मागितलं तर करतो, पण ती दुमड घालणारा कारागीर मिळणं हाच मोठा प्रश्न. आणि तांबं लावायचंच असेल तर त्यावरून निथळणारं पाणी खालच्या अॅल्युमिनियमवर किंवा जस्ताच्या पत्र्यावर पडू देऊ नका, तांब्याचं पाणी त्यांना खातं.

तो गंजलेला लूक असतो तो कोकणात चालेल का? आर्किटेक्टने सुचवलाय.

कॉर्टेन म्हणतात त्याला. त्याचा गंज हाच त्याचा रंग, पण तो गंज घट्ट बसायला पत्रा ओला होऊन परत सुकायला लागतो आणि हवेत मीठ नसावं लागतं. आपल्याकडे चार महिने सुकायचं नावच नाही आणि किनाऱ्यावर मीठ बारा महिने. तिथे गंज बसत नाही, खातच राहतो. वर तांबडं पाणी प्लिंथवर आणि फरशीवर उतरतं ते वेगळंच. पुण्याला, नाशिकला एखादी भिंत किंवा गेट ठीक. गुहागरला नको. आर्किटेक्टला माझं नाव सांगू नका.

समुद्र जवळ आहे. मग काय वापरायचं?

इथे जरा बसून वाचा, कारण इथे मी स्वतः मार खाल्लाय. सुरुवातीच्या काळात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका बंगल्याला अॅल्युमिनियमचे लूव्हर (तिरप्या पट्ट्या) लावले. अॅल्युमिनियम चांगलं, पावडर कोटिंग चांगलं, आणि स्क्रू मात्र दुकानात मिळाले ते, पिवळ्या पॉलिशचे. दुसरा पाऊस झाला आणि प्रत्येक स्क्रूखाली पानाच्या पिचकाऱ्या मारल्यासारखे ओघळ. मालक काही बोलले नाहीत, नुसते भिंतीकडे बघत उभे राहिले, ते जास्त लागलं. अकराशे स्क्रू माझ्या खर्चाने बदलले.

कारण असं की दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि वर खारट पाणी आलं की तिथे बॅटरीच तयार होते, त्यातला एक खाल्ला जातो. म्हणून किनाऱ्यावर स्क्रू, रिवेट, बोल्ट स्टेनलेसचे, शक्यतो ३१६ ग्रेडचे, आणि एमएस फ्रेमला अॅल्युमिनियम टेकत असेल तिथे मध्ये नायलॉन नाहीतर ईपीडीएम रबराची पट्टी. दुकानदार स्टेनलेस म्हणून जे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू देतो ते बऱ्याचदा ४१० ग्रेडचे असतात, त्यांना लोहचुंबक कडकडून चिकटतो आणि किनाऱ्यावर ते गंजतात. ३०४ आणि ३१६ ला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. खिशात चुंबक ठेवा, वीस रुपयाचा येतो.

अजून एक गोष्ट लोकांना पटत नाही. समुद्राजवळ पाऊस थेट लागतो ती भिंत तेवढी लवकर खराब होत नाही, वळचणीखालची होते, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो आणि आडोशाला ते साचत राहतं. म्हणून छज्जाखालचा भाग महिन्या दोन महिन्यांनी पाइपने धुवायचा, साध्या पाण्याने.

एसीपी घेताना फसवणूक कुठे होते?

कातडीत आणि कोअरमध्ये. ४ एमएमचा पॅनल म्हटलं की लोकांना वाटतं सगळे ४ एमएम सारखेच. बाहेरच्या कामाला दोन्ही बाजूंची कातडी ०.५ मिलिमीटरची हवी. ०.२५ ची लावली की दुपारच्या उन्हात पॅनल लाटा लाटांचा दिसतो, आणि खाच मारून घडी घालताना कोपऱ्याला फाटतो. ३ एमएमचा पातळ कातडीचा माल आतल्या कामाला आणि बोर्डांना ठीक.

मोजायचं कसं? मी सरळ वजन करतो. ८ बाय ४ चा ४ एमएम पॅनल, ०.५ कातडीचा, आत साधं प्लास्टिक असेल तर साधारण साडेसोळा किलो भरतो. तोच ०.२५ कातडीचा असेल तर साडेतेरा चौदा. आणि आत खनिज भरलेला, आगीला दाद न देणारा कोअर असेल तर वीस किलोच्या पुढेच जातो, कारण खनिज प्लास्टिकपेक्षा जड. म्हणजे एफआर (फायर रिटार्डंट) म्हणून दिलेली शीट सतरा किलो भरली तर टेम्पो परत पाठवा, चहा पाजून पाठवा पण पाठवा. भंगारवाल्याकडचा लटकता काटा आणला तरी हे काम होतं.

एसीपीसाठी आता वेगळं भारतीय मानक आहे, आयएस १७६८२, २०२१ सालचं. ऑर्डरमध्ये त्याचा नंबर लिहून घ्या. आणि नुसतं अॅल्युमिनियम लिहू नका, ३००३, ३१०५ किंवा ५००५ यातला मिश्रधातू लिहून घ्या, नाहीतर मऊ १००० सिरीजचं येतं.

आगीचं काय? एसीपी जळतो म्हणतात.

साधा पीई (पॉलिएथिलीन) कोअर जळतो, त्यात म्हणतात वगैरे काही नाही. पाण्याचा कॅन ज्या जातीच्या प्लास्टिकचा तेच आत आहे. एक तुकडा कापून मोकळ्या जागेत चिमट्यात धरून कडेला ज्योत लावा, मेणबत्तीसारखे पेटते थेंब खाली पडतात. चांगला खनिज कोअर काळा पडतो आणि तिथेच थांबतो.

लंडनचा ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ ला जळाला. २४ मजली रहिवासी इमारत, ७२ माणसं गेली. आग लागली चौथ्या मजल्यावरच्या एका किचनमध्ये, फ्रिजपाशी. तशा आगी होतात आणि विझतात. पण वर्षभरापूर्वी संपलेल्या नूतनीकरणात बाहेरून जे पॅनल लावले होते त्यांचा कोअर पीईचा होता, आग खिडकीतून बाहेर आली, पॅनलला लागली आणि मागच्या पोकळीतून धुराड्यासारखी वर चढली. चौकशीतही आग पसरण्याचं मुख्य कारण हे क्लॅडिंगच निघालं. त्यानंतर २०१८ च्या शेवटी इंग्लंडने १८ मीटरपेक्षा उंच रहिवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत जळणारं साहित्य बंद केलं. दुबईतही ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री एका मोठ्या हॉटेलचा बाहेरचा भाग असाच पेटला होता, ते तर लोकांनी लाइव्ह बघितलं. आणि फोटो आपण दुबईचेच पाठवतो.

जी पोकळी पाण्यासाठी चांगली तीच आगीसाठी वाईट. त्यावर उपाय असा की प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी आणि खिडक्यांभोवती पोकळी अडवणारी, आग न लागणारी पट्टी द्यायची, रॉकवूलची (दगडापासूनच्या लोकरीची) वगैरे, अशी की पाणी निथळेल पण ज्वाळा चढणार नाही. कोटेशनमध्ये ही लाइन नसते. विचारलं तर "ते लागत नाही सर" असं उत्तर येतं. लागतं.

माझा स्वतःचा नियम सांगतो. रहिवासी इमारत, हॉस्पिटल, शाळा, क्लास, लॉज यांना पीई कोअर लावत नाही, जिन्याच्या आणि बाहेर पडायच्या दाराच्या वर तर कुठेच नाही, मग ती तळमजल्याची का असेना. युरोपियन वर्गीकरणात ए२ किंवा निदान बी असा रिपोर्ट मागा. त्यात पुढे एस म्हणजे धूर, डी म्हणजे पेटते थेंब, डी० म्हणजे थेंब नाहीत. आणि रिपोर्ट कुठल्या मालाचा आहे ते वाचा, कंपनीच्या दुसऱ्याच मॉडेलचा रिपोर्ट पुढे करणं ही जुनी युक्ती आहे. दुकानांच्या बोर्डात तर एलईडीच्या वायरी, अॅडॅप्टर सगळं एसीपीच्या मागे कोंबलेलं असतं, तिथे आधी वायरिंग नीट करा, पॅनलचं नंतर बोलू.

पीव्हीडीएफ कोटिंग खरंच लागतं का? पॉलिस्टर निम्म्यात येतं.

पीव्हीडीएफ आणि पॉलिस्टर हे पॅनलवरच्या रंगाच्या लेपाचे दोन प्रकार. उन्हातल्या बाजूला पीव्हीडीएफ लागतं. पॉलिस्टर चार पाच उन्हाळ्यांत पांढुरकं पडायला लागतं, बोट फिरवलं की पावडर येते. पीव्हीडीएफमध्ये ७० टक्के रेझिन त्याच जातीचं असेल तर रंग खूप जास्त टिकतो. लाल, निळा, गडद हिरवा हे रंग सगळ्यात आधी उतरतात. बजेट कमी असेल तर पॉलिस्टरमध्ये पांढरा, राखाडी, बिस्किटी घ्या. उत्तरेची भिंत, पोर्चचं सीलिंग, तिथे पॉलिस्टर चालून जातं.

पत्र्याची जाडी किती घ्यायची, गेज म्हणजे काय?

गेज म्हणजे जाडी सांगायचा जुना नंबर, तो सोडून द्या, मिलिमीटरमध्ये बोला. आणि ०.५० म्हणजे लेप, रंग सगळं धरून ०.५० की आतलं नुसतं स्टील ०.५०, हे विचारा. बाजारात सगळं धरूनच सांगतात, म्हणजे आतलं स्टील ०.४५ च्या आसपास असतं. भिंतीला सगळं धरून ०.५० चालतं, त्याखाली गेलात तर शिडी टेकली तरी पोचा पडतो आणि कोकणात वानरं उडी मारतात ती वेगळी. लेपाचं वजनही विचारा, गॅल्व्हाल्युमला एझेड १५०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. पेंट केलेल्या जस्ताच्या पत्र्याचं मानक आयएस १४२४६ आणि गॅल्व्हाल्युमवाल्याचं आयएस १५९६५, बिलावर यायला हवं.

फ्रेम एमएसची की अॅल्युमिनियमची?

पैसे असतील तर अॅल्युमिनियम. नसतील तर एमएस, पण गॅल्व्हनाइज केलेली. आणि समजा साध्या एमएसवरच आलात तर सगळं वेल्डिंग खाली जमिनीवर करून, चारही बाजूंना प्रायमर मारून, मगच वर चढवा. वर चढवल्यावर भिंतीकडची बाजू कुणाच्या बापाला रंगवता येत नाही. पाइपची उघडी तोंडं बंद करा, नाहीतर पाणी आतून भरतं.

एसीपी शेवटी बदलता येतो, फ्रेम बदलायची म्हणजे सगळं काम परत. लोक पॅनलच्या ब्रँडवर तासभर घासाघीस करतात आणि फ्रेमचा सेक्शन कोटेशनमध्ये वाचतही नाहीत.

वाऱ्याने उडून जाईल का?

नीट नाही बसवलं तर जाईल. आयएस ८७५ भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, पुण्यासाठी ३९ मीटर. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणला की दाब न्यूटनमध्ये येतो, किलोत सांगायचं तर मुंबईला चौरस मीटरमागे ११८ किलोच्या आसपास. म्हणजे ८ बाय ४ च्या एका शीटवर साधारण साडेतीनशे किलो, म्हणजे पाच माणसं एकदम लोंबकळल्यासारखं, आणि हा नुसता पायाचा आकडा, उंची आणि जागा बघून इंजिनिअर तो कमी जास्त करतो. गंमत म्हणजे वारा पॅनल आत ढकलतो त्यापेक्षा बाहेर ओढतो तेव्हा जास्त घात होतो, बिल्डिंगच्या कोपऱ्यांना आणि वरच्या कडेला ही ओढ सगळ्यात जास्त.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा मी नंतर बरेच उडालेले पत्रे बघितले. पत्रा मधून फाटलेला फार थोड्या ठिकाणी. बाकी सगळीकडे कडेचा स्क्रू आधी गेला, मग पत्रा फडफडला आणि पुढचे एकेक करून उपटत गेला. म्हणून कडेला आणि कोपऱ्याला स्क्रू, क्लीट (पॅनल फ्रेमला धरणारे तुकडे) जवळ जवळ घ्या. आणि जुन्या विटांच्या भिंतीत अँकर मारायचा असेल तर दोन तीन अँकर ओढून बघायची टेस्ट करायला लावा. शक्यतो फ्रेम बीम, कॉलम, स्लॅबला धरा, विटेला नको.

जॉइंटमध्ये सिलिकॉन भरायचं की मोकळे सोडायचे?

दोन्ही पद्धती बरोबर आहेत, अर्धी अर्धी करणं चूक. सिलिकॉन भरायचं तर दहा बारा मिलिमीटरची फट, आत फोमची दोरी, वर वेदर सिलिकॉन, न्यूट्रल क्युअरचं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते बाथरूमचं, ते इथे नको, धातूला त्रास देतं. फट का हवी, तर मेच्या दुपारी गडद पॅनल सत्तरच्या आसपास तापतो आणि पहिल्या पावसाने पंचवीसवर येतो, तेवढ्यात आठ फुटाचं अॅल्युमिनियम अडीच मिलिमीटरच्या वर आखडतं. जागा नाही दिली तर पॅनल फुगतो, नाहीतर संध्याकाळी भिंतीतून टक टक आवाज येतो आणि आजी म्हणतात वर कुणीतरी चालतंय.

सिलिकॉनवर धूळ बसून खाली काळे ओघळ येतात, पांढऱ्या पॅनलवर तर फारच घाण दिसतात. मोकळ्या जॉइंटचं काम यात स्वच्छ राहतं, पण मागची भिंत पूर्ण वॉटरप्रूफ हवी आणि तळाला पाणी निघायची जागा हवी. तळाची जागा दोन्ही पद्धतींत ठेवा, बारीक जाळी लावून, म्हणजे कबुतरं आणि उंदीर आत येत नाहीत.

धातूने घर तापेल का? पावसात आवाज?

मागे पोकळी असेल आणि ती खाली वर उघडी असेल तर उलट भिंत कमी तापते, ऊन पत्र्यावर पडतं आणि गरम हवा वरून निघून जाते. चिकटून लावलं आणि रंग काळा घेतला तर तापणार. आवाज छपराला असतो तेवढा भिंतीला नसतो, झड आली की थोडा येतो.

वीज पडेल का? मोबाईलला रेंज?

धातू आहे म्हणून वीज ओढली जात नाही, उंची आणि जागा महत्त्वाची. लाइटनिंग अरेस्टर असेल तर क्लॅडिंगची फ्रेम अर्थिंगला जोडायची की नाही ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरला विचारा, बोर्डाच्या वायरी जवळून जात असतील तर जोडाच. रेंज, चारही बाजू झाकल्या तर थोडी कमी होते, खिडक्या असतात म्हणून चालून जातं.

कोटेशन कसं वाचायचं?

एक गोष्ट विचारा, स्केअरफुट भिंतीचा की शीटचा. शीट १२२० बाय २४४०. ट्रेसारखी घडी घालायला चारही बाजूंना २५ मिलिमीटर धरले तर समोरून दिसतो ११७० बाय २३९०, म्हणजे सहा टक्के तिथेच घडीत गेले. त्यात पॅनलचं माप १२२० ला भागून न बसणारं असेल तर तुकडे वाया जातात ते वेगळे. डिझाइन करतानाच आर्किटेक्टला शीटचं माप सांगितलं तर बरेच पैसे वाचतात, नंतर सांगून काही उपयोग नाही. खिडक्यांच्या आतल्या कडा, पॅरापेटची कॅप, कोपरे हे रनिंग फुटात वेगळं लावतात का ते बघा, आणि परांची किंवा झुला कुणाचा, जुनं प्लास्टर कोण दुरुस्त करणार, जीएसटी धरून की वगळून. सगळ्यात कमी रेटवाल्याने यातलंच काहीतरी बाहेर ठेवलेलं असतं.

जुन्या सोसायटीला करायचंय, परवानगी लागते का?

जनरल बॉडीचा ठराव घ्या, महापालिकेत बाहेरचं रूप बदलताय म्हणून विचारा, उंच इमारत असेल तर फायर ब्रिगेडकडे आधी दाखवा. फॉर्म बी (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) देणारी एजन्सी दर सहा महिन्यांनी येतच असते, तिलाही कोअरचा रिपोर्ट देऊन ठेवा. पण त्याहीआधी स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीसच्या वरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचंच असतं. एकदा पॅनल चढले की भेगा दिसणार नाहीत, पुढच्या ऑडिटवाल्याला काय दाखवणार? चार पॅनल तरी असे ठेवा जे स्क्रू काढून उघडता येतील.

काम चालू असताना आम्ही काय लक्ष ठेवायचं?

पत्रा ग्राइंडरने कापत असतील तर थांबवा. ठिणग्या उडून रंगावर बसतात, आठवड्यात भिंतीवर तांबडे ठिपके, आणि कापलेली कड जळून लेप जातो. कात्रीने नाहीतर निबलरने कापायचं. पत्र्यांची थप्पी पावसात उघडी ठेवू नका, दोन पत्र्यांत पाणी अडकलं की पांढरा गंज येतो. ओलं सिमेंट अॅल्युमिनियमवर उडालं तर लगेच धुवा, सुकल्यावर डाग जात नाही.

एसीपीवरच्या फिल्मवर बाण छापलेले असतात, सगळे बाण एकाच दिशेला हवेत, मेटॅलिक रंगात तर हवेतच, नाहीतर दोन पॅनल उन्हात दोन वेगळे रंग दिसतात. कारागीर तुकडा वाचवायला शीट फिरवतो आणि ते कळतं कधी, तर फिल्म काढल्यावर. फिल्म बसवल्यापासून महिना दीड महिन्यात काढा. एका ठिकाणी मालकांनी उद्घाटनापर्यंत ठेवूया म्हणून ठेवली, उद्घाटन आठ महिने लांबलं, मग दोन पोरं पंधरा दिवस ब्लेडने खरवडत बसली होती.

साफसफाई?

वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि होळीनंतर, साधा साबण पाण्यात पातळ करून, मऊ कापड, वरून खाली. टाइल्सचं अॅसिड नको. वॉचमनने हौसेने अॅसिडने पुसलेला एक लॉबीचा खांब अजून माझ्या फोनमध्ये फोटो म्हणून आहे.

मग तुम्ही स्वतःच्या घराला काय लावलंय?

हे सगळेच विचारतात. ठाण्याच्या फ्लॅटच्या बिल्डिंगला काही नाही, भेगा भरून रंग दिला आम्ही. गावच्या घराला पश्चिमेच्या भिंतीला राखाडी रंगाचा गॅल्व्हाल्युम पत्रा, लाटा उभ्या, म्हणजे पाणी सरळ खाली उतरतं, मागे दोन इंचाची पोकळी, तळाला जाळी, स्क्रू ३१६ चे, आणि दक्षिणेला खिडकीपर्यंत वळवून घेतलाय कारण झड तिकडून तिरकी येते. पूर्वेला काहीच लावलेलं नाही, तिकडे पाऊस लागतच नाही.